चांदीचे डाग: सातारा-सांगलीकडच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर आमच्या घरात चांदीच्या डागांचंच, म्हणजे दागिन्यांचंच, काम चालत आलं आहे. सोन्याचा भाव विचारायला येणारं गिऱ्हाईक उभ्या उभ्या बोलतं. चांदीची गोष्ट निघाली की माणूस बसतो, पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढतो आणि विचारतो, हे काय आहे, हे मोडलं तर चालेल का, हे लेकीला देऊ का सुनेला. इथले बहुतेक प्रश्न असेच समोर बसून विचारलेले आहेत. उत्तरं आमच्या भागापुरती, म्हणजे जतपासून वाईपर्यंतची. तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर ती चुकीची ठरत नाही.

पायात चांदीच का? सोनं का नाही?

सोनं म्हणजे लक्ष्मी, तिला पाय लावायचा नाही. म्हणून कमरेच्या खाली सोनं घालायचं नाही, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. राजघराण्यांना आणि मानकऱ्यांना यात सूट असे, बाकीच्यांनी पायात चांदीच घालायची. पण खरं सांगायचं तर माणदेशातल्या किंवा जतकडच्या बहुतेक बायकांपुढे असा पर्याय कधी आलाच नाही. गळ्यात चार सोन्याचे मणी आणि बाकी अंगभर चांदी, हाच त्यांचा साज होता. गळ्यात सरी, दंडात वाकी, मनगटात गोठ, कमरेला साखळी, पायात तोडे नाहीतर वाळे, बोटांत जोडवी. कष्टकरी घरांत चांदी हाच मुख्य दागिना, सोनं असलं तर वरचं.

चांदी थंड, चंद्राची, आणि सोनं उष्ण, सूर्याचं, असंही सांगतात. हाताला चांदी गार लागते हे खरं आहे, कारण सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत भराभर वाहून नेणारी धातू चांदीच.

बाळाच्या अंगावर काय काय घालतात आणि ते कोणी आणायचं?

पाचवीपासूनच सुरुवात होते. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते. काही घरांत त्याच दिवशी तिची मुद्रा ठोकलेला चांदीचा एवढासा टाक काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात बांधतात. बारशाला आत्या कुंची-टोपडं आणते, नाव ठेवते आणि आपला मान घेते. चांदी बहुतेक आजोळहून येते: पायात वाळे, मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या नाहीतर बिंदल्या, कमरेला करदोटा. ऐपत असली तर वाटी-चमचा आणि बाळाला दूध पाजायचं बोंडलंही. पुढे उष्टावणाला त्याच वाटीतून मामा खीर भरवतो.

प्रत्येक वस्तूमागे एक काळजी आहे. मनगट्यांतला काळा मणी दृष्टीसाठी. करदोटा दर महिन्याला सैल करावा लागतो, म्हणून बाळ बाळसं धरतंय का हे आईला न मोजता कळतं. वाळ्यांत खडे असतात. रांगतं मूल न्हाणीकडे किंवा चुलीकडे निघालं की आवाज येतो, आणि दारात धुणं घेऊन बसलेली आजी हाक मारते. दृष्ट मानणाऱ्या घरालाही हा उपयोग माहीत होता आणि न मानणाऱ्या घरालाही होतो.

मिरजेतल्या मुसलमान घरांतून याच वस्तू घडवायला येतात. तिथे ताईताला ताविज म्हणतात आणि आत कुराणातली आयत ठेवतात. घडवणारा कारागीर कित्येकदा एकच असतो.

आता सावधगिरीचं. गळ्यातला दोरा रात्री काढून ठेवा. घुंगरांची तोंडं नखाने उचकून बघा, उघडत असतील तर परत आणा, कारण सुटलेलं घुंगरू सरळ मुलाच्या तोंडात जातं. वाळा पायावरून सहज फिरला पाहिजे. मापाला घट्ट बसणारा वाळा महिन्याभरात रुततो. बाळासाठी घेताना नक्षीपेक्षा कड गुळगुळीत आहे का हे आधी बघा.

पण चांदीने दृष्ट खरंच लागत नाही का? आजारपण टळतं का?

नाही, चांदीने ताप उतरत नाही. चांदीचे कण जंतूंना मारक असतात हे खरं आहे आणि भाजल्यावर लावायच्या मलमात चांदीचं संयुग वापरतात. पण म्हणून पायातल्या वाळ्यामुळे मुलाला जुलाब व्हायचे राहत नाहीत. लस वेळेवर द्या आणि वाळेही हौसेने घाला, दोन्हींत भांडण नाही.

दृष्टीबद्दल मला एवढंच वाटतं, की ज्या काळात पाळण्यातली अर्धी मुलं हाती लागतील की नाही याची शाश्वती नव्हती, त्या काळात आईच्या हातात करण्यासारखं फार थोडं होतं. काळा मणी ओवणं तेवढ्यातलं एक होतं. त्याला हसू नये. मात्र आजारी मूल ताईताच्या भरवशावर घरी ठेवणाऱ्यांना आम्ही पुड्या बांधायच्या आधी दवाखान्याचा रस्ता दाखवतो.

आजोबांच्या लहानपणचं चांदीत मढवलेलं वाघनख घरात आहे. नातवाला घालू का?

नका घालू, आणि विकायचा तर विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वाघाच्या नखाची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर नुसतं जवळ बाळगणंही गुन्हाच. कागद नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन रीतसर विचारा. यातली पुष्कळ 'नखं' शिंगाची घडवलेली निघतात, पण ते ठरवणं सराफाचं काम नाही. हौस असेल तर त्याच आकाराचं भरीव चांदीचं नख घडवून मिळतं आणि ते नातवाच्या गळ्यात शोभतंही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात दर्शनाला आली ती वाघनखं म्हणजे पोलादी हत्यार. ती वेगळी. ती पाहून आल्यापासून बरीच पोरं दुकानात तशा आकाराचं पदक मागतात.

जोडवी, विरोद्या, मासोळी: कुठलं कुठल्या बोटात?

जोडवी अंगठ्याशेजारच्या बोटात. मासोळी आणि विरोद्या पुढच्या बोटांत, त्यात घराघराचा फरक आहे. अनवट अंगठ्यात, पण तो आता फक्त जुन्या पेट्यांतून दिसतो. जुनी जोडवी जाड, उभार असलेली, चालताना फरशीवर वाजणारी. आताची पातळ, बुटात मावणारी, नोकरीच्या बायकांना सोसणारी.

लग्नात जोडवी सहसा वराकडची असतात, मंगळसूत्राबरोबर येतात.

दुसऱ्या बोटातून गर्भाशयाला नस जाते म्हणून जोडवी घालतात, हे बरोबर ना?

मोबाईलवर हे फार फिरतं. शरीरशास्त्रात अशी नस नाही. जोडवी ही लग्न झाल्याची खूण आहे आणि सुंदर दागिना आहे, तिला दवाखान्याचं प्रमाणपत्र लागत नाही. बोटाला सूज येत असेल, मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, तर काढून ठेवा. सासूबाई रागावल्या तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, बहुतेक जणी ऐकतात.

जोडवी झिजून तुटली. अपशकुन आहे का?

बायका ऊस भांगलतात, दिवसभर चिखलात उभ्या असतात, सिमेंटच्या अंगणात अनवाणी फिरतात. चांदी मऊ धातू आहे, ती झिजते. जुनी मोडीत द्या आणि नवी घाला.

अधिक महिन्यात जोडवी का घेतात?

धोंड्याचा महिना लेकी-जावयांचा. जावयाला तेहतीस अनारशांचं नाहीतर बत्ताशांचं वाण चांदीच्या नाहीतर तांब्याच्या तबकात देतात, सोबत दिवा. लेकीला आई नवी जोडवी घालते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे आणि तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते. तुम्हाला मनासारखी घडवून हवी असतील तर चैत्रातच सांगून ठेवा. आईची परिस्थिती नसेल तर मावशी देते, थोरली बहीणही देते. कुणीच नसलेल्या एका सुनेला सासूने स्वतः पाटावर बसवून जोडवी घातलेली आम्ही पाहिली आहेत, आणि ती रीत आम्हाला फार आवडली.

नवरा गेल्यावर जोडवी काढलीच पाहिजेत का?

नाही.

हा प्रश्न विचारायला बाई स्वतः क्वचित येते. तिची लेक येते, नाहीतर भाऊ येतो आणि आवाज खाली करून बोलतो. एरवी जुन्या रिवाजांची आम्ही बाजू घेतो, पण इथे घेत नाही. अंत्यविधीच्या वेळी घोळक्यात बसवून बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं आणि पायातली जोडवी ओढून काढायची, ही गोष्ट दुःखात असलेल्या माणसाला शिक्षा देण्यासारखी आहे. बोट सुजलेलं असतं, जोडवं निघत नाही, मग साबण लावतात, कुणीतरी पक्कड आणतं. नंतर ती वाकडी झालेली जोडवी आमच्याकडे मोडीत येतात आणि वजन करताना हात चालत नाही.

आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणून घरोघरी लगेच सगळं बदललं असं नाही. पण आता कुणी 'रीत आहे' म्हणालं तर 'ठराव आहे' असं म्हणता येतं, आणि एवढ्या आधाराने भाऊबंदांसमोर उभ्या राहिलेल्या बायका आम्हाला माहीत आहेत.

जोडवी तिची आहेत. ठेवायची, काढायची, की काही दिवसांनी पुन्हा घालायची हे तिने ठरवावं. बोटातून निघणं कठीण असेल आणि तिलाच काढायची असतील तर दुकानात आणा. बारीक करवतीने एका बाजूला छेद देऊन दुखापत न करता निघतात.

पैंजणाला घुंगरू का?

शोभेसाठी, आणि पावलांची चाहूल लागावी म्हणून. शेतातून अंधारात येताना विंचू-काटा दूर पळतो असं म्हणतात. पण हेही मान्य करायला हवं, की सून माडीवर आहे, परसात आहे की दारात उभी आहे हे सासरच्यांना घुंगरांवरून कळायचं. एकाच आवाजात लाड होता आणि पहाराही होता. आज मुली आवडतं म्हणून घालतात, एकाच पायात घालतात, जीन्सवर घालतात. छान दिसतं.

पश्चिम महाराष्ट्रात मिळणारे पुष्कळसे पैंजण हुपरीचे. हे गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, हातकणंगले तालुक्यातलं, आणि तिथे घरोघरी हेच काम. कुणी तार ओढतं, कुणी कड्या जुळवतं, कुणी झाळतं, कुणी पॉलिश करतं. एक पैंजण तयार होऊन तुमच्या पायात येईपर्यंत कित्येक घरांतून फिरलेला असतो, आणि त्यातली बरीच कामं बायका करतात.

देवघरातले टाक म्हणजे नक्की काय? ते दागिन्यांत मोडतात का?

अंगावर घालत नाहीत, पण चांदी घराचं रक्षण करते ही समजूत टाकाइतकी दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली कुलदेवतेची प्रतिमा. खंडोबाच्या टाकावर घोडा, देवामागे बसलेली म्हाळसा आणि पायाशी कुत्रा. शिवाय भवानी, जोतिबा, सिद्धनाथ, आणि त्यांच्या ओळीला घरातले वीर, म्हणजे लढाईत किंवा अकाली गेलेले पूर्वज. देवघरातली ही ओळ पाहून घराण्याचं मूळ कुठलं, देव कुठले, हे जाणता माणूस सांगतो. आटपाडी-माणकडच्या घरात खरसुंडी किंवा म्हसवडचा सिद्धनाथ हमखास असतो, कराडकडच्या घरात पालीचा खंडोबा.

घडवायची रीत अशी: काशाच्या नाहीतर पितळेच्या कोरीव ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवायचा, वर शिसं धरायचं आणि हातोडीने घाव घालायचे. शिसं मऊ असल्यामुळे पत्र्याला न फाडता खाचांत दाबतं. मग कडा कातरून पाठीमागे पत्रा किंवा लाख भरतात. जुना टाक हातात घेऊन उजेडात तिरका धरा. आधी झिजतं ते म्हाळसेचं नाक आणि घोड्याचं तोंड, कारण उठावाच्या जागा त्याच, आणि दर सणाला भंडारा लावताना अंगठा तिथूनच फिरतो. पत्रा अगदी विरलेला असेल तर घोड्याच्या कानापाशी बारीक भोक दिसतं. आमच्याकडे असे टाक आले की आम्ही आधी विचारतो, 'किती पिढ्या?'

नवरात्रात देव घटी बसतात तेव्हा टाक विड्याच्या पानावर ठेवतात आणि नऊ दिवस हलवत नाहीत. नवा टाक केला की तो आधी जेजुरीला, पालीला, तुळजापूरला किंवा जोतिबाच्या वाडी रत्नागिरीला, ज्या देवाचा असेल तिथे भेटीला नेतात आणि मगच देवघरात बसवतात. वाटण्या झाल्या तर जुने देव बहुधा थोरल्याकडे राहतात, धाकटे त्यांच्यावरून नवे घडवून घेतात. भावांची बोलाचाली बंद असते, बांधावरून कोर्टात तारखा चालू असतात, तरी धाकटा थोरल्याच्या देवघरातले टाक मोजून, नीट बघून जातो. त्यासाठी थोरला दार उघडतो.

टाक झिजले तर काय करायचं?

नवे करा. जुन्यांचं काही घरांत नदीत विसर्जन करतात. आमचा सल्ला वेगळा आहे. जुनी चांदी नव्यात मिसळून घ्या, म्हणजे तोच देव पुढे चालतो आणि कृष्णेत धातूही पडत नाही. समोर उभं राहून आटवून घ्या. कुठलाही सचोटीचा कारागीर याला नाही म्हणणार नाही. ठोकण्याआधी जुन्या टाकांचे फोटो मात्र काढा, कारण जुन्या ठशांची नक्षी आताच्या ठशांत येत नाही.

आजीच्या डब्यात एका बाईची प्रतिमा असलेला छोटा टाक सापडला. देवी ओळखू येत नाही.

ती देवी नसावी. आजी आजोबांची दुसरी बायको होती का, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात पहिलीची चांदीची प्रतिमा घालायची, सणाला तिला हळद-कुंकू वाहायचं, अशी चाल पूर्वी होती. गेलेलीने नव्या संसाराला त्रास देऊ नये म्हणून घालतात, असं सांगायचे. पण त्यात तिचा मानही होता. बाळंतपणात गेलेल्या कितीतरी बायकांचा ना फोटो आहे, ना सातबाऱ्यावर नाव. गुंजभर चांदीवरचा हा ठसा एवढीच त्यांची आठवण. असा टाक मिळाला तर मोडू नका, अशी माझी विनंती आहे.

नवसाला चांदीचे डोळे, पाळणे वाहतात, ते कुठून आणायचे?

मांढरदेवीला काळूबाईपुढे किंवा गावच्या देवीपुढे हे वाहतात. दुखणं डोळ्याचं तर डोळे, पायाचं तर पाय, मूल झालं तर पाळणा. पातळ पत्र्याचे तयार मिळतात, देवस्थानाबाहेरही मिळतात. तिथले बरेचसे चांदीचा मुलामा दिलेले असतात, म्हणून नवस चांदीचा बोलला असाल तर सराफाकडून वजन करून घ्या. आणि डोळ्याचा नवस फेडायच्या आधी मोतीबिंदू तपासून घ्या.

पुरुषांनी काय घालायचं?

करदोटा, कडं, अंगठी. करदोटा पूर्वी बहुतेकांच्या कमरेला असे, चांदीचा नाही तर निदान काळा गोफ. मुसलमान पुरुषांना सोनं वर्ज्य असल्यामुळे त्यांची अंगठी चांदीची. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, खिलार बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घालतात त्या पितळी, पण शर्यतीच्या लाडक्या बैलाला चांदीचा तोडा करणारे हौशी लोकही या भागात आहेत.

आणि चांदीची गदा कशी विसरायची? महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेऊन पैलवान गावात येतो तेव्हा सगळं गाव वेशीवर जातं. २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. ज्या भागात चांदी बाईच्या पायाची खूण मानली जाते, तिथे एका मुलीने ती खांद्यावर घेतली. तो फोटो आमच्या दुकानात लावलेला आहे.

आजीची सरी, तोडे, वाक्या कुणी घालत नाही. मोडून नवं काही करू का?

आधी तीन कामं करा: फोटो, वजन, आणि कुणाचं होतं ते कागदावर. मग ठरवा.

जुनी चांदी भारावर मोजायचे, एक भार म्हणजे एक तोळा. राणी छाप रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणून तागडीत दुसऱ्या बाजूला रुपयेच टाकायचे. हल्ली भार म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात, त्यामुळे आजीने सांगितलेले 'चाळीस भाराचे तोडे' आणि आजचा काटा यांत फरक पडला तर चोरी झाली असं समजू नका. त्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी असायची. पुष्कळ जुने तोडे असे रुपयेच आटवून केलेले आहेत, म्हणून त्यांची चांदी चांगली निघते. १९४० च्या सुमारास रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ पासून निकेलचा रुपया आला. रुपयांना कड्या लावलेली माळ घरात असेल तर ती आटवू नका, आहे तशीच जास्त मोलाची आहे.

हे डाग म्हणजे बाईची बँक होती. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात आधी जनावरं दावणीची सुटली, मग पायातली चांदी उतरली. मोडायला आलेल्या बाईच्या घोट्यावर पांढरा पट्टा असायचा, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला, असं आमचे वडील सांगत. ते तोडे सोनाराशिवाय पायातून निघत नसत, उखळीवर पाय ठेवून सांधा फाकवावा लागे.

त्याच दुष्काळी तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन देशभर गेली. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ इथले गलाई बांधव केरळपासून काश्मीरपर्यंत कुठल्याही सराफ पेठेत भेटतात. मूस, भट्टी, शोरा, तेजाब आणि धूर यांत छाती जाळून त्यांनी गावाकडे घरं बांधली. तुमच्या आजीची चांदी परमुलखात कुणी गाळली असेल तर तो माणूस बहुधा आपल्याकडचाच असेल.

माझं मत विचाराल तर वाकी, सरी, तोडे यांतला निदान एक डाग ठेवा. बाकीचं मोडून नातीला पैंजण केलेत तर आजीला वाईट वाटणार नाही. जोड असेल तर दोन नातींत एकेक वाटून द्या. आणि मोडताना लाख भरलेला पोकळ डाग आहे का ते बघून घ्या. लाख काढल्यावर वजन निम्म्यावर आलं की भांडणं होतात.

शुद्ध चांदी कशी ओळखायची?

डोळ्यांनी कळत नाही. टंच, म्हणजे शेकडा किती चांदी ते, काढून घ्या, यंत्रावर पाच मिनिटांत कळतं. शंभर टक्के शुद्ध चांदीचा दागिना टिकत नाही, वाकतो, म्हणून तांबं मिसळावंच लागतं. प्रश्न एवढाच की किती. ९२५ चा दागिना म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. साठ-सत्तर टंचाचे पैंजणही बाजारात आहेत. ते घेण्यात गैर नाही, पण भाव आणि मोड त्याच हिशेबाने ठरली पाहिजे, आणि टंच बिलावर लिहिला पाहिजे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडी क्रमांकासह, म्हणजे त्या डागाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकासह, हॉलमार्क मिळतो, पण तो अजून ऐच्छिक आहे. मागितलात तर मिळेल.

'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी अजिबात नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त. 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून मिळतं त्यातलंही बरंचसं असंच. निकेलमुळे काहींना खाज येते. बाळासाठी हे घेऊ नका.

पायातली चांदी काळी पडते. अंगातली उष्णता आहे की कुणाची नजर?

दोन्ही नाही, गंधक आहे. हवेतल्या, घामातल्या, कांद्या-अंड्यातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन वर काळा थर येतो. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यातल्या बायका दर हंगामात ही तक्रार घेऊन येतात, कारण द्राक्षाच्या भुरी रोगावर गंधकाची धुरळणी होते. बागेत दोन दिवस काम केलं की पैंजण काळेठिक्कर. एका सुनेचे पैंजण सारखे काळे पडतात म्हणून तिला बाहेरचं काही लागलंय असं घरात चाललं होतं. ती बागेत जात होती, जावा जात नव्हत्या, एवढाच फरक होता. औषध मारायच्या दिवसांत दागिने घरी काढून ठेवा.

घरी साफ कसं करायचं?

रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश रोजच्यासाठी पुरेसं आहे. फार काळं असेल तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर दागिना, खायचा सोडा आणि कढत पाणी. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी न घासता उजळते. मात्र खडे, मोती, मिना किंवा लाख असलेल्या डागाला हे करू नका. रांगोळीने आणि टूथपेस्टने घासू नका, नक्षी जाते. जुन्या नक्षीच्या खाचांतला काळेपणा तसाच राहू द्या, त्यानेच उठाव दिसतो.

आई गेली. तिच्या चांदीवर हक्क कोणाचा?

स्त्रीधन बाईच्या पूर्ण मालकीचं असतं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे, तिने मृत्युपत्र केलं नसेल तर मुलगे, मुली आणि नवरा यांचा सारखा हक्क. 'मुलीला लग्नात दिलंय, आता तिचा काय संबंध' याला कायद्यात जागा नाही.

व्यवहारात बहुतेक घरं समजुतीने वाटतात: जोडवी-पैंजण लेकींना, टाक मुलाकडे, वाटी-बोंडलं ज्याच्या घरात पाळणा हलणार त्याच्याकडे. वजनावर अडलं तर सगळ्यांनी मिळून एकदाच दुकानात या. एकाच काट्यावर, सगळ्यांच्या समोर, प्रत्येक डागाचं वजन आणि टंच लिहून देतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.